विश्लेषण : विमा पॉलिसी गहाण, घरातच स्टुडिओ… दादासाहेब फाळके यांनी स्वतंत्र कलाव्यवसाय कसा उभारला? आणि तो हातातून का निसटला?

नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ काढायचा, चित्रपट किंवा डिझाइनचे काम स्वतःच्या नावावर करायचे, असे ठरवणाऱ्या प्रत्येकासमोर दोन प्रश्न हमखास येतात. पैसा कुठून आणायचा? आणि भागीदार घेतला तर काम आपल्या मनासारखे करता येईल का? भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्यासमोरही शंभर वर्षांपूर्वी हेच प्रश्न होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शोधून काढले. दुसऱ्या प्रश्नाने मात्र त्यांना दोनदा रिकाम्या हाताने बाहेर काढले. फाळके यांचा प्रवास व्यवसायाच्या अंगाने पाहिला तर काय दिसते, याचा हा आढावा…

चित्रपटाआधी फाळके काय करत होते?

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईत आले. १८८५ मध्ये फाळके यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे एकामागून एक विषय आत्मसात केले. रतलामला जाऊन ते त्रिरंगी ब्लॉक आणि फोटोलिथोचे तंत्र शिकले.

शिक्षणानंतर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय सुरू केला. मात्र प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले. ते बडोद्याला परतले, पण तेथेही स्टुडिओ चालला नाही. कॅमेऱ्यासमोर बसले की अंगातली शक्ती जाते, हा समज तेव्हा लोकांमध्ये घट्ट होता. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही केले. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि छायाचित्रकार म्हणून सरकारी नोकरी लागली. स्वदेशीची चळवळ जोरात असताना, १९०६ मध्ये त्यांनी ती सोडली.

वरवर पाहता ही धरसोड वाटते. पण फोटो काढणे, रसायनात धुणे, पडदे रंगवणे, नेपथ्य, ट्रिक्स ही सगळी कामे पुढे एकाच ठिकाणी उपयोगी पडणार होती.

भरभराटीचा छापखाना का सोडावा लागला?

सरकारी नोकरी सोडल्यावर फाळके यांनी लोणावळ्यात एन्ग्रेव्हिंग आणि छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या नावाच्या छापखान्यासाठी फोटोलिथोची कामे हे त्याचे मुख्य उत्पन्न होते. पुढे हा व्यवसाय दादरला आला. १९०८ मध्ये पुरुषोत्तम मावजी हे भागीदार झाले आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हे नाव मिळाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले.

यंत्रे आली, काम वाढले, नाव झाले. मात्र छापखाना कसा चालवायचा, यावरून भागीदारांचे पटेना. अखेर फाळके आर्थिक लाभ न घेता बाहेर पडले. कौशल्य त्यांचे होते, कामाचा दर्जा त्यांच्यामुळे होता, तरी बाहेर पडताना हातात काही नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, कारण दहा वर्षांनी तिची पुनरावृत्ती झाली.

सिनेमाकडे ते कसे वळले?

एप्रिल १९११. वय चाळीस, हाताला काम नाही. मुलाला घेऊन ते गिरगावात तंबूतील चित्रपट पाहायला गेले. दुसऱ्या दिवशी कुटुंबासह पुन्हा गेले. ईस्टरचे दिवस असल्याने पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र दाखवत होते. राम-कृष्णाच्या कथा अशाच पडद्यावर आल्या पाहिजेत, ही कल्पना त्यांच्या डोक्यात तेथे पक्की झाली.

त्यानंतर त्यांनी रोज चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. लहान कॅमेरा आणि रिळे आणून ते घरी प्रयोग करू लागले. झोप कमी, डोळ्यांवर ताण जास्त. परिणामी दृष्टी जवळजवळ गेली. वैद्यकीय उपचार आणि चष्म्यांच्या मदतीने ती परत आली आणि काम पुन्हा सुरू झाले.

पैसा कुठून आला?

चित्रपट कसा करतात, हे शिकवणारे कोणी भारतात नव्हते. त्यासाठी लंडन गाठणे भाग होते. फाळके यांच्याकडे १२ हजार रुपयांच्या विमा पॉलिसी होत्या. त्या गहाण ठेवून त्यांनी १० हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीत बसले.

लंडनमध्ये त्यांची कोणाशीही ओळख नव्हती. एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कार्यालयाची पाटी दिसली आणि ते सरळ आत गेले. संपादकांनी आधी त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला, मात्र नंतर निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांनी सगळे विभाग पाहिले. ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडणारे यंत्र मागवले. १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईत परत होते. सारा दौरा दोन महिन्यांचा, त्यात लंडनचा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा.

गुंतवणूकदारांची खात्री कशी पटवली?

चित्रपट नावाची वस्तू येथे बनू शकते, यावर पैसेवाल्यांचा विश्वास नव्हता. फाळके यांनी त्यांना मोठी स्वप्ने सांगत बसण्याऐवजी एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा लावून महिनाभराहून अधिक काळ ते रोपट्याची वाढ टिपत राहिले. त्यातून सुमारे मिनिटभराचा लघुपट तयार झाला. पडद्यावर बी रुजते, कोंब फुटतो, वेल वर चढते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट त्यांनी मोजक्या लोकांना दाखवला. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांच्यासारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले ते हे पाहून.

आजच्या भाषेत हा ‘डेमो’ होता. खर्च नगण्य, पण कॅमेरा चालवता येतो, फिल्म धुता येते आणि प्रेक्षकाला खिळवता येते, या तिन्ही गोष्टी एका मिनिटात सिद्ध झाल्या.

सरस्वतीबाईंचा वाटा किती?

१९०२ मध्ये फाळके यांचा दुसरा विवाह झाला होता. पत्नी सरस्वतीबाई यांच्याशिवाय हा व्यवसाय उभा राहिलाच नसता. ‘राजा हरिश्चंद्र’चे काम दादरच्या राहत्या बंगल्यात आणि आवारात सुरू झाले. चित्रीकरणातील साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करत. दिवसा उन्हात प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. रात्री फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही त्यांच्याकडे होती. चित्रपट पूर्ण करताना आणि पुढच्या अडचणींतही त्यांचे दागिने कामी आले.

तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार झाली नाही. तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना महिना १५ रुपयांवर घेण्यात आले. हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दाबके होते, तर रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली. सहा महिने २७ दिवसांत ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला.

प्रेक्षक कसे मिळवले?

२१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी खास खेळ झाला. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. मुंबईत गर्दी झाली. सुरतेत मात्र पहिल्या दिवशी गल्ला अवघा तीन रुपये जमल्याची आठवण सांगितली जाते. तेथील लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळत होते. तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण पाहणार?

फाळके यांनी दर कमी केला नाही, जाहिरात बदलली. ५७ हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ केवळ तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. हिशेब मांडला तर गंमत कळते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. म्हणजे ३,७०० फुटांत सुमारे ५९ हजार. छायाचित्रांचा आकडा जवळपास खरा होता. दोन मैल मात्र दहा हजार फुटांहून जास्त होतात, तेवढे ताणलेले होते. नाटकाच्या तासांशी स्पर्धा करण्याऐवजी ग्राहकाला मोजायला वेगळेच माप दिले आणि गर्दी वाढली.

यश मिळाल्यावरही पैशांची चणचण का?

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रियांनी भूमिका केल्या. त्यानंतर ‘सत्यवान सावित्री’ आला. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन ते लंडनला गेले. तेथे त्यांच्या तंत्राचे कौतुक झाले आणि तेथेच राहून चित्रपट करण्याचा प्रस्तावही आला. त्यांनी तो नाकारला. नाशिकमध्ये पगारावर ठेवलेली माणसे आणि भारतातच हा उद्योग उभा करण्याचा हट्ट, ही त्यामागची कारणे.

मात्र त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. एका चित्रपटाचे उत्पन्न पुढच्या चित्रपटात जात असल्याने गंगाजळी अशी नव्हतीच. कामगारांचे पगार देणे कठीण झाले. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला तेव्हा परिस्थिती पालटली. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. या चित्रपटाच्या गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागल्याची कथा आजही सांगितली जाते.

हिंदुस्थान कंपनीत काय बिनसले?

‘लंकादहन’नंतर अनेक धनिक पुढे आले. मर्यादित कंपनी काढावी, यासाठी लोकमान्य टिळक यांनीही पुढाकार घेतला होता. तो बेत तडीस गेला नाही. अखेर वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदींसह १ जानेवारी १९१८ रोजी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ सुरू झाली. फाळके त्यात कार्यकारी भागीदार होते. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांना मोठे यश मिळाले. दोन्हींत फाळके यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्णाच्या भूमिकेत होती.

पैशांची विवंचना मिटली, पण जुना वाद नव्या रूपात आला. भागीदारांना खर्चाचा आणि वेळेचा हिशेब हवा होता. फाळके यांना निर्मितीत कोणाची ढवळाढवळ नको होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. खर्चाची मर्यादा कोणी ठरवायची आणि चित्रपट कसा असावा हे कोणी ठरवायचे, याची रेघ आखलेली नव्हती. १९१९ मध्ये फाळके स्वतःच्या हाताने घडवलेल्या कंपनीतून बाहेर पडले आणि कुटुंबासह काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले.

पुढे काय झाले?

काही वर्षांनी ते कंपनीत परतले, मात्र पूर्वीचा अधिकार उरला नव्हता. स्वतंत्रपणे हाती घेतलेला ‘सेतुबंधन’ पैशांअभावी रखडला. दरम्यान, मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित होऊन बोलपटांचे युग सुरू झाले. मूकपट म्हणून तयार झालेल्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये ‘कोल्हापूर सिनेटोन’साठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. ९५ चित्रपट आणि २६ लघुपट एवढे काम त्यांच्या नावावर सांगितले जाते. यातील बहुतांश रिळे आज उपलब्ध नाहीत.

शेवटपर्यंत आणखी एक चित्रपट करण्याची त्यांची इच्छा होती. दुसऱ्या महायुद्धामुळे निर्मितीसाठी सरकारी परवाना लागत असे. तो त्यांना मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपट क्षेत्रातील सर्वोच्च शासकीय पुरस्कार दिला जाऊ लागला.

स्वतंत्र कलाव्यवसाय करणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

फाळके यांच्या पहिल्या टप्प्यात अनुकरण करण्यासारखे बरेच आहे. कामाची प्रत्येक पायरी त्यांना स्वतःला येत होती. त्यामुळे माणसे आणि पैसा कमी असतानाही काम थांबले नाही. मोठी रक्कम मागण्याआधी त्यांनी लहान नमुना दाखवला. ग्राहक आला नाही तेव्हा मालाला दोष न देता सांगण्याची पद्धत बदलली.

दुसरा टप्पा सावध करणारा आहे. छापखाना असो की चित्रपट कंपनी, फाळके यांनी भांडवल घेताना निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहील, हे आधी पक्के केले नाही. वाद झाल्यावर त्यांच्याकडे एकच पर्याय उरला, तो म्हणजे निघून जाणे. आणि दोन्ही वेळा ते गेले तेव्हा यंत्रे, नाव आणि ग्राहक मागेच राहिले. भागीदार वाईट होते म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात खर्चाची मर्यादा, कलेबाबतचा अंतिम शब्द आणि वेगळे होताना कोणाला काय मिळेल, या तीन गोष्टी कागदावर असत्या, तर कदाचित १९१९ मध्ये काशीचे तिकीट काढण्याची वेळ आली नसती.

घरातल्या माणसांच्या श्रमाचा मुद्दाही राहतोच. ‘राजा हरिश्चंद्र’च्या खर्चात सरस्वतीबाईंच्या रात्रींची किंमत धरलेली नव्हती. आजही घरून चालणाऱ्या अनेक व्यवसायांत तो रकाना कोराच असतो. स्वतःच्या व्यवसायाचा पहिला ताळेबंद मांडताना तो भरण्यापासून सुरुवात करता येईल.