देवघरातला रविवर्मा

कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी आपल्यापैकी बहुतेकांनी आजोळच्या देवघरात, नाही तर वाण्याच्या गल्ल्यामागे पाहिलेली असते. जुन्या चांगल्या प्रतीवर बोट फिरवावे तर कागद किंचित खडबडीत लागतो, जणू कॅनव्हासच. हा भास मुद्दाम घडवलेला असे, आणि या उद्योगापायी राजा रविवर्म्यांसारखा नामवंत चित्रकार आर्थिक अडचणीत आला.

१८४८ साली केरळातल्या किळिमानूरला जन्मलेले रविवर्मा संस्थानिकांचे चित्रकार. सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी काढलेली चौदा पौराणिक चित्रे मुंबईत मांडली तेव्हा ती पाहायला झुंबड उडाली. पण ही चित्रे शेवटी राजवाड्यातच जायची! चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला त्यांना बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी आधीच दिला होता. १८९४ साली धाकटे बंधू राजवर्मा यांच्या साथीने त्यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे.

काम मोठे चिकाटीचे. मूळ तैलचित्रातले रंग वेगवेगळे करायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा चुनखडीचा दगड. त्यावर तेलकट शाईने चित्र उलटे रेखायचे, म्हणजे छापल्यावर देवीचा उजवा हात उजवाच राहतो. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट रेघांना धरते. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. एखादा दगड केसभर सरकला तर शकुंतलेचे ओठ गालावर! शेवटी कॅनव्हासच्या विणीचा ठसा दाबायचा आणि वर व्हार्निश. याला ओलिओग्राफ म्हणत.

मुंबईत प्लेग आला. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रे खपत होती, तरी हिशेब जुळेना. बँकेत हयात घालवल्यामुळे मला यात नवल वाटत नाही; मागणी असणे आणि पैसा हाती राहणे या दोन वेगळ्या गोष्टी. अखेर छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०५ साली राजवर्मा गेले, पुढच्याच वर्षी रविवर्माही.

कॅलेंडरचा चित्रकार म्हणून समीक्षकांनी नंतर त्यांना हिणवले. मला तो अन्याय वाटतो. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यांच्याही भिंतीवर या छापखान्याने देव आणून ठेवला. दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ साली मळवलीचा तो छापखाना आगीत जळाला.