गोदामात नाईट शिफ्ट करणाऱ्या अर्लने बोलिंगमध्ये लाख डॉलर कमवून दाखवले होते

बॉलिंग म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर पहिला येतो तो बुमराह. मग कधीतरी मॉलमध्ये भाड्याचे बूट घालून, जड बॉल गुळगुळीत लेनवर सोडून दहा पिन पाडायचा तो खेळ आठवतो. आपल्यासाठी हा टेन-पिन बोलिंगचा खेळ म्हणजे वीकेंडचा टाईमपास. पण १९७० च्या दशकात अमेरिकेतले लोक शनिवारी दुपारी टीव्हीसमोर बसून हाच खेळ बघायचे.

आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव होतं अर्ल अँथनी.

अर्लचा जन्म १९३८ चा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला. त्याला व्हायचं होतं बेसबॉलचा पिचर. मात्र दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथंच संपलं. बोलिंगकडे तो वळला तेव्हा २१ वर्षांचा होता. चॅम्पियन व्हायचं असेल तर हे वय तसं उशिराचंच.

पोटापाण्यासाठी तो टकोमा शहरात एका किराणा कंपनीच्या गोदामात नाईट शिफ्ट करायचा. उरलेला वेळ बोलिंगच्या सरावात जायचा.

१९६३ मध्ये त्याने हिंमत केली आणि प्रोफेशनल बोलर्स असोसिएशनच्या, म्हणजेच पीबीएच्या टूरवर उतरला. आता ही टूर म्हणजे काय, तर दर आठवड्याला नवं शहर आणि नवी स्पर्धा. प्रवासाचा खर्च आणि एन्ट्री फी आपल्याच खिशातून. वरचा नंबर आला तर पैसे, नाहीतर रिकाम्या हाताने पुढचं गाव.

अर्लच्या हाताला एक डॉलरही लागला नाही. तो गपगुमान परत गोदामात कामाला लागला.

पण सराव काही सोडला नाही. पुढची काही वर्षं तो एकच गोष्ट घोटत राहिला, ती म्हणजे प्रत्येक बॉल अगदी आधीच्या बॉलसारखाच टाकायचा. १९७० मध्ये सिएटलला त्याने पहिलं टायटल जिंकलं, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. बारीक कापलेले केस, डोळ्यांवर चष्मा आणि चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. बघणाऱ्याला वाटावं की बँकेतला कॅशियर आलाय.

तो जिंकायला लागला तशी कुजबुजही सुरू झाली. कारण अर्ल डावखुरा होता.

त्याचं झालं असं की, बोलिंगच्या लेनवर तेलाचा पातळ थर असतो. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे, त्यामुळे बॉल जाऊन जाऊन उजव्या बाजूचं तेल हलतं आणि बॉल कुठं वळेल याचा अंदाज चुकायला लागतो. डावी बाजू मात्र बऱ्यापैकी शाबूत राहते. म्हणून डावखुऱ्यांना आयतं मैदान मिळतं, अशी बाकीच्यांची तक्रार होती. तिच्यात तथ्य होतंच. पण टूरवर इतरही डावखुरे होते, आणि अर्लइतकं कुणीच जिंकत नव्हतं.

मग आला १९७५ चा सीझन.

तेव्हा आठवडाभर ढिगाने गेम खेळल्यावर वरचे ५ जण टीव्हीवरच्या फायनलला जायचे. पाचवा विरुद्ध चौथा, जिंकेल तो तिसऱ्याशी, अशी शिडी चढत पहिल्या नंबरवाल्यापर्यंत पोचायचं. आठवडाभराची मेहनत एका गेममध्ये मातीत जाऊ शकायची. अशा फॉरमॅटमध्ये अर्लने एका वर्षात ७ टायटल जिंकली. पीबीए नॅशनल चॅम्पियनशिप तर सलग तिसऱ्यांदा मारली.

वर्षाची कमाई झाली १,०७,५८५ डॉलर. एका सीझनमध्ये लाखाचा आकडा ओलांडणारा तो पहिला बोलर ठरला. तेव्हा अमेरिकेतल्या सर्वसाधारण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न होतं १४ हजार डॉलरच्या आसपास. बोलिंगवर घर चालतं का, या प्रश्नाचं उत्तर सगळ्या देशाला मिळालं.

१९७८ मध्ये, चाळिशीत, त्याला हार्ट अटॅक आला. लोकांना वाटलं, संपला. पण १९८१, १९८२ आणि १९८३ अशी सलग ३ वर्षं तोच प्लेयर ऑफ द इयर झाला. याआधी १९७४ ते १९७६ मध्येही तोच होता, म्हणजे एकूण ६ वेळा. १९८२ मध्ये त्याची करिअरमधली कमाई १० लाख डॉलरच्या पार गेली. तिथवर पोचणाराही तो पहिलाच.

एक गोष्ट मात्र राहूनच गेली. यू.एस. ओपन त्याला कधीच जिंकता आली नाही.

हाताच्या संधिवातामुळे १९९१ मध्ये त्याने खेळ थांबवला. १४ ऑगस्ट २००१ ला विस्कॉन्सिनमध्ये मित्राच्या घरी जिन्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता.

त्याच्या ४१ टायटल्सचा रेकॉर्ड २००६ मध्ये वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियरने मोडला. पुढं पीबीएने अर्लची आणखी २ जेतेपदं मोजली आणि त्याचा आकडा ४३ झाला. तरी विल्यम्स पुढेच राहिला.

पण पीबीएने आपल्या ५० व्या सीझनला ५० महान बोलर्सची यादी काढली, तेव्हा विल्यम्स दुसरा आला. पहिल्या नंबरवर नाव होतं टकोमाच्या गोदामातल्या त्या डावखुऱ्या कामगाराचं.