शेजारच्या दारातली भाकरी

माढ्याहून पुण्याकडे निघालेली गाडी कुर्डुवाडी, जेऊर, भिगवण असे करीत दौंड ओलांडते आणि थोड्याच वेळात केडगाव लागते. बऱ्याच प्रवाशांच्या लेखी ते वाटेतले एक लहानसे स्टेशन. पण पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन याच केडगावचे. आपल्या कोरड्या मुलखातून जाणाऱ्या याच लोहमार्गावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दुष्काळात सापडलेल्या अनाथ मुलींना हक्काचे घर मिळाले.

माढा भागाला दुष्काळ नवा नाही. १८७६-७७चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने सोसला आणि १९७२चा तर आजही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतो. दुष्काळात माणूस भुकेने खचतो, तसाच लाजेनेही खचतो. चूल थंड असली तरी बाहेरच्याला कळू नये म्हणून दार लोटून घेणारी घरे आपण पाहिली आहेत. उपास काढू, पण कुणापुढे हात पसरणार नाही, या बाण्याचे आपण कौतुकही करतो. पण या बाण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे रमाबाईंनी कोवळ्या वयात पाहिले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी स्वजनांचा रोष ओढवून घेतला, पण हेका सोडला नाही. रानातल्या त्यांच्या आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत आणि कुणीही उपाशी परत जात नसे. देता देता घरची पुंजी सरली, कर्ज झाले आणि कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. देवळात पुराण सांगायचे आणि श्रोते जे ठेवतील त्यावर गुजराण करायची. आई लक्ष्मीबाईंनी लेकीला या भटकंतीतच संस्कृत शिकवले. या घराला द्यायचे कसे ते ठाऊक होते. मागायचे कसे, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हते.

मग दुष्काळ आला. दागिने गेले, भांडी गेली, बरे कपडे गेले. पुराण ऐकायला आणि दक्षिणा ठेवायला कुणाकडे काही उरले नाही. शास्त्रीबुवांच्या घराण्याने मजुरी करावी कशी आणि भीक मागावी कशी? विद्या अफाट, पण पोटापाण्याचे एकही काम हाताला येत नव्हते. रानातला पाला आणि मूठभर जंगली खजूर खाऊन त्यांनी कित्येक दिवस काढले. शेवटी वृद्ध वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा आणि विद्येचा ताठा सोडून आपण मजुरी करू, असे त्याने ठरवले. घरातल्या कुणीतरी पहिल्यांदाच मान खाली घातली होती, पण फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले.

पाठोपाठ आईने अंथरूण धरले. तापाच्या ग्लानीत तिला बाजरीची भाकरी हवीशी झाली. रमा शेजारच्या एका बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. हजारो संस्कृत श्लोक जिच्या जिभेवर होते, तिला एक भाकरी मागता येईना. शब्दच फुटेना, नुसते डोळे वाहू लागले. त्या बाईने ओळखायचे ते ओळखले आणि भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. रमा धावत परत आली. पण ती खाण्याचे त्राण आईत उरले नव्हते. आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली.

ते एक दार रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. त्या दाराने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या, असे त्यांचे पुढचे आयुष्य पाहताना वाटते. मागणे किती अवघड असते, ही एक. आणि समोरचा माणूस नेहमीच कठोर नसतो, ही दुसरी.

भाऊ-बहीण पायी भटकत उत्तरेत गेले. थंडीपासून बचाव म्हणून झेलमकाठच्या वाळूत खड्डे करून त्यांनी अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ साली ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख टिकले नाही. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी जातीबाहेर विवाह केला आणि १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

इथून त्यांचे मागणे सुरू झाले, पण इतरांसाठी. त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर शिक्षण आयोगापुढे उभे राहून मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर मागितल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी लंडनजवळच्या फुलम येथे आधार देत होत्या. ते काम पाहून रमाबाईंनी त्यामागची प्रेरणा विचारली. तेव्हा त्यांना शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. ती कथा त्यांच्या मनात खोल रुजली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही कथा जरा थांबून पाहण्यासारखी आहे. भर दुपारी थकलेला येशू विहिरीच्या काठावर बसला आहे. पाणी भरायला एक बाई येते. त्याच्या लोकांनी हलकी मानलेल्या समाजातली, गावातही फारसा मान नसलेली. येशू तिला उपदेश करून सुरुवात करीत नाही, तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ज्याच्यापाशी जग मागायला येते, तोच इथे आधी मागतो आणि त्याच्या मागण्याने ती बाई मोठी होते. ख्रिस्ती श्रद्धेत प्रार्थना म्हणजेही शेवटी मागणेच. देवापुढे हात जोडताना ज्याला कमीपणा वाटत नाही, त्याने देवाच्याच लेकरांपुढे अडचण सांगताना का लाजावे?

आसरा घेतला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी मात्र गहाण टाकली नाही. धर्माच्या प्रश्नांवर त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी बरोबरीने वाद घातला. शाकाहार सोडला नाही, आपली राहणी सोडली नाही. मदत घेणे म्हणजे मिंधे होणे नव्हे, हा धडा त्यांनी असा जगून दाखवला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे गावोगाव व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून त्यांनी इथल्या विधवांसाठी उघड साहाय्य मागितले. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदन पुण्याला आले आणि मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांचा हात धरला होता त्यांनीच तो सोडावा, हे दुःख लहान नव्हते. तरीही मदत मागणे त्यांनी थांबवले नाही. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि दहा वर्षांत काय उभे राहिले ते देणाऱ्यांपुढे मांडले.

त्याआधी १८९६-९७च्या दुष्काळाने मध्य प्रांतात हाहाकार उडवला होता. बातम्या वाचताना रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. मुली दाराशी येतील, अर्ज करतील, याची त्यांनी वाट पाहिली नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, तेव्हा केडगावच्या माळावर मुक्ति सदन उभे राहिले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींना शेती, विणकाम, शिवण, छापखान्याचे काम शिकवले जाई. हाताला काम नसल्याने जे घर संपले, त्या घराची लेक दुसऱ्यांच्या लेकींचे हात रिकामे कसे ठेवणार?

अखेरच्या वर्षांत ऐकू येणे फार कमी झाले होते. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच देह ठेवला.

आज आपल्या गावात, आपल्या गल्लीतही कुणाच्या तरी घशात शब्द अडकलेला असतो. कर्जाने वाकलेला शेतकरी असेल, दुखणे लपवणारी सासू असेल, परीक्षेत नापास झालेला मुलगा असेल. त्यांना रमाबाईंचे आयुष्य एवढेच सांगते, की वेळ हातातून जाण्याआधी बोला, शब्द फुटला नाही तरी दारात जाऊन उभे राहा. आणि ज्यांच्या घरात आज चूल पेटती आहे त्यांनी त्या अनाम शेजारणीला आठवावे. इतिहासाने तिचे नाव ठेवले नाही. पण मुलीचे वाहणारे डोळे पाहून तिने काही विचारले नाही, उठून भाकरी आणली.