मंडईला नाव ज्यांचं, विरोधही त्यांचाच

हिंजवडीत कंपन्या सुटायच्या वेळेला रस्त्याकडेला मेथी, कोथिंबीर, गवार घेऊन बसलेल्या मावश्या तुम्ही रोज बघता. काही जणी मुळशी-मावळातला घरचा माल आणतात, काही जणी मंडईतून उचलून. जुडीमागे पाच रुपयांसाठी घासाघीस करून आपण पुढे सटकतो. पण त्यातले किती पैसे पिकवणाऱ्याच्या हातात पडले? जवळपास दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न पुण्यातल्या एका माणसाला छळत होता. नाव तुम्हाला पाठ आहे, जोतीराव फुले.

पाठ आहे, पण अर्धंच. शाळेच्या पुस्तकात फुले भेटतात ते १८४८ सालच्या भिडे वाड्यात, मुलींच्या शाळेपाशी. शेती करणारे, भाजीपाल्याचा व्यवहार जाणणारे, कंत्राटं घेणारे फुले परीक्षेला येत नाहीत, म्हणून आपल्यालाही माहीत नसतात.

मुळात फुले हे आडनावच धंद्यावरून पडलेलं. घराणं गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. पुण्यात आल्यावर घरातल्यांनी पेशव्यांकडे फुलं पुरवली आणि तेच नाव चिकटलं. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई तान्हेपणीच गेली. वडील गोविंदराव शेती आणि दुकान बघायचे. पोराला जरा लिहिता-वाचता यायला लागलं, तोच दुकानातल्या कारकुनाच्या सल्ल्यावरून त्यांनी त्याला शाळेतून काढलं आणि शेतावर धाडलं. मालकाचा मुलगा वही वाचायला शिकला तर कारकुनाचं कसं व्हायचं, अशी शंका मला तरी येते. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या ओळखीच्या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये मिशनच्या शाळेत पुन्हा नाव लागलं.

पुढे जोतीरावांनी पोटापाण्यासाठी कंत्राटं घेतली. खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं, तिथे त्यांनी माल पुरवला. हडपसरजवळ मांजरीला शेती केली. म्हणजे शेतकऱ्याचं दुःख त्यांनी खिडकीतून पाहिलेलं नव्हतं. सरकारी सारा रोख भरायचा, म्हणून पीक हाती आल्या आल्या मिळेल त्या भावाला विकायचं. नाहीच भागलं तर सावकाराकडे जायचं आणि त्याने लिहिलेल्या, आपल्याला वाचता न येणाऱ्या खतावर अंगठा उठवायचा. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतंच जाळली, ती उगाच नव्हे.

आता गंमत बघा. १८७६ पासून काही वर्षं जोतीराव पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. शहराला मोठी दगडी मंडई बांधायचं घाटत होतं. जोतीरावांनी विरोध केला. हरी रावजी चिपळूणकरही त्यांच्या बाजूने होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या प्राथमिक शिक्षणावर घाला, हा त्यांचा मुद्दा. ऐकलं कुणी? १८८६ मध्ये मंडई उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं.

भाजी घेऊन येणाऱ्यांसाठी पक्कं छत बांधायला भाजीवाल्यांच्याच घरातल्या माणसाने नाही म्हणावं, हे आधी खटकतं. पण १८८३ मध्ये लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडला की त्यांची नजर कुठे होती ते कळतं. शेतकरी गाडीभर माळवं घेऊन शहरात येतो, नाक्यावर म्युनिसिपालिटीची जकात भरतो, बाजारात हाती फारसं काही पडत नाही आणि शेवटी गाडीभाडं खिशातून देऊन रिकाम्या हाताने घरी जातो. या हिशेबात छत कुठेच येत नाही. माल बाजारात पोचायच्या आधीच तो नागवला गेलेला असतो. त्याला वाचता येत नाही, हे ओळखून प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी हात मारून घेतो.

आणि हे पुस्तक नुसत्या तक्रारींचं नाही बरं का! पावसाबरोबर वाहून जाणारी माती अडवायला बांध घाला, धरणाचं पाणी शेतकऱ्यांना गरजेप्रमाणे द्या, त्यांच्या मुलांना शिकवा, दरवर्षी प्रदर्शनं भरवून चांगलं पीक काढणाऱ्यांना बक्षिसं द्या, अशी यादीच त्यात आहे. छापून यायची वाट न बघता जोतीराव त्यातले भाग जुन्नर, ओतूर, हडपसर असे गावोगाव वाचून दाखवत होते. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना वाचता येत नव्हतं ना!

मार्च १८८८ मध्ये चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली. दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेशात जाऊन बसले. राणीच्या मुलाला त्यांनी तोंडावर सांगितलं, की खरा देश बघायचा तर खेड्यात जा, इथले हे लोक म्हणजे रयत नव्हे. त्याच वर्षी मुंबईच्या मांडवीत लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तर डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

रे मार्केटचं पुढे महात्मा फुले मंडई झालं, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने. हिंजवडीहून नाशिक रस्त्याला लागलात तर चाकणलाही कांद्या-बटाट्याचा मोठा बाजार आहे. १९८० मध्ये शरद जोशींनी कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला, तो याच चाकणला. तिथल्या बाजाराचंही नाव महात्मा फुले बाजार.