दोन हट्टी, एक खोली

माझं आणि रूममेटचं पंधरा दिवस बोलणं बंद आहे. दोघंही सारखेच हट्टी! सुट्टीत सुप्याला घरी गेलो, तेव्हा गोपाळ गणेश आगरकरांचं चरित्र वाचलं. जन्म १८५६, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. गरिबीत शिकले. डेक्कन कॉलेजात टिळक भेटले. त्याच वर्षी जन्मलेले, तितकेच करारी. दोघांनी मिळून शाळा चालवली, १८८१ मध्ये केसरी सुरू केला, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे आधी स्वराज्य की समाजसुधारणा, यावरून फाटलं. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ मध्ये सुधारक काढलं. १८९५ मध्ये, चाळिशी न गाठताच ते गेले.

ज्या स्वभावानं मैत्री जुळली, त्याच स्वभावानं कुणाला माघार घेऊ दिली नाही. पण त्यांचं भांडण तत्त्वाचं होतं. आमचं पंख्याचं आहे! आज रात्री चहाला मीच हाक मारणार.