अमेरिकेला जायचं राहिलं, म्हणून चार कादंबऱ्या लिहून झाल्या

१९७३ चं ऑस्कर म्हटलं की 'द गॉडफादर' आठवतो. पण त्या वर्षी बेस्ट पिक्चरच्या शर्यतीत एक स्वीडिश सिनेमाही होता, 'द एमिग्रंट्स'. यान ट्रुएल यांनी दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग सगळं एकहाती केलेला, तीन तासांहून मोठा सिनेमा.

गोष्ट कार्ल ऑस्कर आणि क्रिस्टिना या तरुण शेतकरी जोडप्याची. शेतात पिकापेक्षा दगड जास्त. भुकेली लेक न शिजलेली सातूची लापशी खाते आणि त्यातच जाते. मग दोघं १८५० मध्ये जहाजानं अमेरिकेला निघतात.

ही माणसं उभी केली लेखक विल्हेल्म मोबर्ग यांनी. जन्म १८९८ चा, दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांडचा. वडील सैनिक, घरची परिस्थिती बेताची. शेतमजुरी केली, काचेच्या कारखान्यात राबले. १८५० ते १९३० या काळात १० लाखांहून जास्त स्वीडिश लोकांनी अमेरिका गाठली. १९१६ मध्ये मोबर्गही काकांसोबत निघणार होते. बेत बारगळला, ते शिकायला गेले आणि पुढे छोट्या गावातल्या पेपरात पत्रकार झाले.

अमेरिका मात्र डोक्यातून गेली नाही. १९४८ मध्ये ते खरंच तिथे पोहोचले, पन्नाशीला टेकलेले असताना. मिनेसोटात सायकलवरून जुन्या स्वीडिश वस्त्या पालथ्या घातल्या. तिथे अँड्र्यू पीटरसन नावाच्या शेतकऱ्याची डायरी त्यांच्या हाती लागली. १८५४ पासून १८९८ पर्यंतच्या नोंदी! पेरणी, हवामान, रोजची कामं. वाचायला रटाळच, पण कादंबरीकारासाठी खजिना.

१९४९ ते १९५९ या दहा वर्षांत चार कादंबऱ्या आल्या. पहिलीवर अश्लीलतेचा आरोप झाला, कारण शेतकरी शेतकऱ्यांसारखेच बोलत होते. वाचकांनी मात्र ती डोक्यावर घेतली.

सिनेमाचं यश मोबर्ग यांनी पाहिलं. पण तोवर नैराश्यानं त्यांना घेरलं होतं, लिहिणं होत नव्हतं. स्वीडनच्या सामान्य माणसांचा इतिहास लिहायला घेतलेला, त्याचे दोनच खंड झाले. ८ ऑगस्ट १९७३ रोजी, पंचाहत्तरी १२ दिवसांवर असताना, त्यांनी घराजवळच्या पाण्यात आयुष्य संपवलं.

मिनेसोटातल्या चिसागो सिटीत आज त्यांचा पुतळा आहे. सोबत सायकलही आहे.