पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने मामांनी त्यांचा सांभाळ केला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. तिची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील पक्ष्यांचा संग्रह पाहून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

जर्मनीत पक्षिशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा नोकरी उरली नव्हती. तरीही ते खचले नाहीत. १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो आणि मादीने पसंत केल्यावरच ते पूर्ण करतो, हे त्यांनी दाखवून दिले.

भरतपूरची पाणथळ जागा शेतीसाठी नष्ट होण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी दिल्लीत पंतप्रधान नेहरूंकडे दाद मागितली. ती जागा वाचली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरली. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. बालपणी पक्षी टिपणारे हात पुढे आयुष्यभर पक्ष्यांच्या रक्षणासाठी झटले.